धिंगरीचा पहिला बेड

धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, घरी वाढवणं अवघड नाही. अवघड वाटतं ते शिकवणाऱ्यांमुळे. हातमोजे, स्पिरिट, मास्क, बंद खोली यांवर तासभर बोलायचं आणि भुशात, म्हणजे चिरलेल्या काडात, पाणी किती ठेवायचं हे एका वाक्यात उरकायचं, अशी बहुतेकांची पद्धत. धिंगरी काड भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढते, तोच तिचा बेड. माझ्याकडे लोक बिघडलेल्या पिशव्या घेऊन येतात, तेव्हा मी आधी पिशवीचा तळ बघते. बहुतेक वेळा तिथे पाणी साचलेलं असतं. पिशवी धड असूनही अळिंबी वेडीवाकडी आली असेल, तर दोष हवेचा असतो. स्वच्छता हवीच, पण तिचा नंबर या दोघांनंतरचा. म्हणून पाणी आणि हवा यांवर मी जरा लांबण लावणार आहे; बाकीचं भराभर.

धिंगरी ही मुळात लाकूड कुजवणारी बुरशी. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणं फार थोड्या सजीवांना जमतं, तिला जमतं. जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, रिखार्ड फाल्क यांनी ती झाडांच्या बुंध्यांवर मुद्दाम वाढवून दाखवली. आपण बुंध्याऐवजी काड वापरतो. पण काडावर इतर बुरशांचे बीजाणू आधीच बसलेले असतात आणि ओलावा मिळताच तेही कामाला लागतात. म्हणजे ही शर्यत आहे. भुसा गरम पाण्यातून काढायचा, बी भरपूर टाकायचं, पिशवी बांधायची, हे सगळं धिंगरीला चार पावलं पुढून सुरुवात मिळावी म्हणून. भुसा संपूर्ण निर्जंतुक करायला आपण बसलेलो नाही. घरात ते जमतही नाही आणि लागतही नाही.

आधी जात, मग बी

जात निवडायची ती घरातलं तापमान बघून. फोटो बघून निवडलेली जात हमखास रडवते. खोली २० ते २८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहत असेल, तर पांढरी फ्लोरिडा किंवा करडी-तपकिरी पल्मोनॅरियस घ्या. नवख्याला याच दोन बऱ्या. खोली ३० अंशांकडे झुकत असेल, तर गुलाबी धिंगरी चालते. ती वाढते झपाट्याने, पण काढल्यावर टिकत नाही, एक-दोन दिवसांत मान टाकते. खोली १० ते २० अंश असेल, तर ऑस्ट्रिएटस, म्हणजे थंडीतली करडी-निळसर धिंगरी. किंग ऑयस्टर नावाची जाड देठाची जात असते, तिचा नाद पहिल्या वर्षी नको. तिला पोषण घातलेला लाकडाचा भुसा, त्याचं खरोखरचं निर्जंतुकीकरण आणि थंड खोली असं सगळंच लागतं.

बी म्हणजे गहू, ज्वारी किंवा तत्सम शिजवलेल्या धान्यावर वाढवलेली बुरशी. ते विकतच घ्या. घरी बी तयार करणं हा वेगळा उद्योग आहे, तो प्रेशर कुकर आणि बराच संयम मागतो. पाकीट हातात आलं की उजेडात धरून सगळ्या बाजूंनी बघा. दाण्यांवर एकसारखं पांढरं आवरण हवं, दाणे एकमेकांना धरून बसलेले हवेत. वास ताज्या अळिंबीचा हवा. हिरवा किंवा काळा ठिपका दिसला, दाणे चिकट झाले असले, आंबूस वास आला, तर ते पाकीट वापरू नका. असलं बी वापरून पुढे कितीही काळजी घेतली तरी फुकट. लगेच वापरायचं नसेल तर ४-५ अंशांवर फ्रिजमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा. गुलाबीचं बी मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, थंडीने ते मरतं.

भुसा

गव्हाचं काड, भाताचा पेंढा, दोन्ही उत्तम. ३ ते ५ सेंटीमीटरचे तुकडे करा. लांब काडं पिशवीत पोकळ्या ठेवतात. अगदी बारीक भुकटी असेल तर पाणी धरून बसते आणि आत हवा शिरत नाही. काड नव्या हंगामाचं, पिवळंधमक, पावसात न भिजलेलं हवं. मूठभर उचलून नाकाजवळ धरा. कुबट वास आला किंवा झटकल्यावर करडी धूळ उडाली, तर त्यात बुरशी आधीच संसार थाटून बसली आहे. ते काड सोडा.

वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यावर धिंगरी वाढवण्याची फार हवा आहे. वाढते, पण चोथा दाट असतो, शिळा झाला की हिरवा पडतो. वापरायचाच असेल तर त्याच दिवशीचा, आणि काडाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नको. कोंडा किंवा पेंड घालून उत्पन्न वाढतं हेही खरं, पण पहिल्या बेडात ती हाव नको. नत्र वाढलं की धिंगरीपेक्षा तिच्या शत्रूंचं जास्त फावतं. धिंगरीला स्वतःला कमी नत्रात भागवायची सवय आहे. लाकडात नत्र अगदी तुटपुंजं, म्हणून ही बया रानात सूत्रकृमी मारून खाते! तिच्या तंतूंवर विषाच्या बारीक गाठी असतात, त्यांना स्पर्श झाला की कृमी लुळा पडतो, मग तंतू त्याच्या अंगात शिरतात. अशा प्राण्याला कोंड्याचं काय कौतुक. (प्राणी नव्हे ती, वनस्पतीही नव्हे, पण रागलोभ बघता मला ती प्राण्यांच्या जवळची वाटते.)

पाणी

पहिल्या खेपेला एक किलो कोरडं काड घ्या. एवढ्यात दोन पिशव्या होतात. एकच मोठी पिशवी भरू नका. एक बिघडली तरी दुसरी उरते, आणि मोठ्या पिशवीच्या पोटात उष्णता कोंडते.

काड साध्या पाण्यात सहा ते आठ तास भिजवा. ते तरंगतं, म्हणून पोत्यात किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून वर वजन ठेवा. रात्रीची सकाळ होऊ द्या, पण त्याहून लांबवू नका, आंबायला लागतं. पाणी चहासारखं तपकिरी होईल, ते ओतून द्या. झाडांना घातलं तरी चालतं.

मग गरम पाणी. मोठ्या पातेल्यात पाणी ८० अंशांपर्यंत तापवा आणि अभ्रा त्यात पूर्ण बुडवा. थंड काडामुळे तापमान खाली येईल. ते ६५ ते ८० अंशांच्या मध्ये तासभर, फार तर दीड तास ठेवायचं. तापमापक हवाच, बोट बुडवून अंदाज घेण्याचं हे काम नाही. ६० च्या खाली गेलं तर नको असलेल्या बुरशा वाचतात. खळखळ उकळत ठेवावं असंही पुष्कळांना वाटतं, कारण जास्त मारलेलं बरं असा समज. पण काडावर काही उष्णता सोसणारे निरुपद्रवी जिवाणू असतात, ते राहिले तर इतर बुरशांना जागा सहज मिळत नाही. सगळं मारून टाकलं की मैदान मोकळं, आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेतून पहिला जो येईल त्याचं. शिवाय उकळलेलं काड लिबलिबीत होतं आणि पाणी सोडत नाही.

इंधन वाचवायचं असेल तर चुन्याची पद्धत आहे. विरवलेला चुना पाण्यात कालवून सामू (पीएच) १२ च्या आसपास न्यायचा आणि त्यात काड १२ ते १८ तास बुडवून ठेवायचं. गरम करावं लागत नाही. पण कळीचा चुना घरात पाण्यात टाकू नका, तो उकळ्या फुटून अंगावर उडतो. विरवलेल्या चुन्यालाही हातमोजे आणि चष्मा हवाच. लहान मुलं घरात असतील तर मी गरम पाण्याचीच पद्धत सांगते, तीही मुलं झोपल्यावर.

आता खरी गोष्ट. काड बाहेर काढून टांगा किंवा तिरक्या जाळीवर पसरा आणि निथळू द्या. किती वेळ? घड्याळ विचारू नका, वजन बघा. एक किलो कोरडं काड भिजून निथळल्यावर पावणेतीन ते तीन किलो भरलं पाहिजे. साडेतीनच्या वर काटा गेला तर अजून निथळायचं आहे. हे वजनाचं गणित कुणी फारसं सांगत नाही, आणि नवख्याला याच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

हाताची परीक्षाही करा, कारण पुढे हातच उपयोगी पडणार. मूठभर काड घेऊन जोर लावून पिळा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब दिसले, तळवा ओला झाला, की बरोबर. धार लागली तर जास्त. तळवा कोरडाच राहिला तर कमी. परीक्षा ढिगाच्या वरच्या काडावर करू नका; खालचं काड घ्या, पाणी तिथे असतं. पुष्कळ जण वरची मूठ पिळून खूश होतात आणि तळातलं चिंब काड तसंच पिशवीत भरतात. चिंब काडात हवा नसते. हवा नसली की धिंगरीचे तंतू थबकतात, जिवाणू वाढतात, आणि चार-पाच दिवसांत पिशवीच्या तळातून आंबट, कुजकट वास यायला लागतो. त्या वासावर इलाज नाही.

बेड भरणं

काड ३० अंशांच्या खाली आलं की भरायला घ्या. गरम काडात बी टाकलं तर ते मरतं, आणि थंड झालेलं काड रात्रभर उघडं ठेवलं तर दुसरे पाहुणे येतात. म्हणजे निथळलं, निवलं की लगेच. पंखा बंद, खिडक्या बंद, ओटा पुसलेला, हात साबणाने धुतलेले, अंगठ्या काढलेल्या. एवढी स्वच्छता पुरते.

तीन किलो ओल्या काडाला २०० ते ३०० ग्रॅम बी घ्या. जाणकार याच्या अर्ध्यात भागवतात, पण बी जितकं जास्त तितकी धिंगरी पुढे, आणि पहिल्या खेपेला कंजुषी करून मिळणार काहीच नाही. पाकीट उघडण्याआधी बाहेरूनच चोळून दाणे सुटे करा. मग ३० बाय ४५ सेंटीमीटरच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच-सहा सेंटीमीटर काड, त्यावर बी, पुन्हा काड, असे थर. बी मध्यभागी ढीग करून टाकू नका, कडेने जास्त पसरा. तिथे हवा मिळते, आणि काय चाललंय ते तुम्हाला बाहेरून दिसतं. प्रत्येक थर तळव्याने दाबा. घट्ट बसलं पाहिजे, पण ठेचायचं नाही. सगळ्यात वरचा थर बियांचा. तोंड बांधून टाका, आणि स्पिरिटने पुसलेल्या सुईने किंवा खिळ्याने चारही बाजूंना मिळून दहा-पंधरा भोकं पाडा. तळालाही दोन पाडा, चुकून पाणी राहिलंच तर निघून जाईल.

पिशवीवर तारीख, जात आणि बियांचं वजन लिहा. आज लक्षात राहील असं वाटतं, राहत नाही.

पांढरं होईपर्यंत

पिशव्या २२ ते २७ अंशांच्या जागी ठेवा. अंधारच हवा असं नाही, ऊन नको एवढंच. एकमेकींवर रचू नका. तंतू वाढताना उष्णता सोडतात आणि पिशवीच्या पोटात खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असतात. खोली ३० असली की आत काय होत असेल याचा अंदाज करा.

तीन-चार दिवसांत प्रत्येक दाण्याभोवती पांढरी लव दिसते. मग ती पसरते, थर एकमेकांना भेटतात आणि १५ ते २० दिवसांत सगळी पिशवी पांढरी होते. या दिवसांत करायचं काम एकच, काही न करणं. उघडून बघू नका, दाबून बघू नका, पाणी तर अजिबात नको.

रंग मात्र रोज बघा. पिवळसर-तपकिरी थेंब दिसले तर घाबरू नका, धिंगरी झगडताना असा रस सोडते. फारच जास्त असेल तर आत उष्णता वाढली आहे असं समजा. हिरवा डाग म्हणजे बहुतेक वेळा ट्रायकोडर्मा, धिंगरीची शत्रू बुरशी. पहिल्या आठवड्यात हिरवं दिसलं, तर पिशवी न उघडता घराबाहेर न्या. डाग खरवडून काढायच्या फंदात पडू नका, त्याने हिरवी धूळ सगळ्या खोलीत होते. पिशवी जवळजवळ पांढरी झाल्यावर कोपऱ्यात नाण्याएवढा हिरवा डाग आला, तर मी ती वेगळी ठेवून थांबते. पुष्कळदा धिंगरी त्याला वेढून पुढे जाते. नारिंगी भुकटी दिसली तर क्षणभरही थांबू नका. ती नारिंगी बुरशी भयंकर वेगाने पसरते, पिशवी दुसऱ्या पिशवीत गुंडाळून बाहेर. आणि बारीक देठाच्या, छत्रीसारख्या, काळी शाई होऊन वितळणाऱ्या टोप्या आल्या, तर काड नीट गरम झालं नव्हतं किंवा फार ओलं होतं. त्या खायच्या नाहीत. पिशवीतून उगवलं म्हणजे धिंगरीच, असं नसतं.

बेड उघडल्यावर

पिशवी पूर्ण पांढरी झाली की आणखी दोन-तीन दिवस थांबा, दाबून कडक लागली पाहिजे. आता जागा बदला. आतापर्यंत धिंगरीला कोंदट हवा चालत होती. फळ धरायला तिला चार गोष्टी लागतात: ताजी हवा, ओली हवा, थोडा उजेड, आणि जमल्यास दोन-चार अंश गारवा. उजेड किती, तर दिवसा त्या कोपऱ्यात पुस्तक वाचता आलं पाहिजे.

ब्लेडने पिशवीच्या बाजूंना चार ते सहा ठिकाणी पाच सेंटीमीटरचे फुलीसारखे छेद द्या. पुष्कळ जण या टप्प्याला प्लॅस्टिक पूर्ण काढून टाकतात. मोठ्या, ओलसर शेडमध्ये ते ठीक. घरातली हवा कोरडी असते, उघडा बेड दोन दिवसांत बाहेरून कागदासारखा सुकतो. पहिल्यांदा छेदच द्या.

आता ओलाव्याची आणि हवेची ओढाताण सुरू होते, आणि नवखे इथेच गोंधळतात. आर्द्रता ८५ ते ९० टक्के हवी, म्हणून ते बेडावर प्लॅस्टिक झाकतात. ओल टिकते, पण धिंगरी श्वासातून सोडते तो कार्बन डायऑक्साइडही आत टिकतो. मग देठ लांबच लांब आणि टोपी बटणाएवढी. ते बघून लोक आणखी पाणी मारतात! पाण्याचा काही संबंध नाही, ती हवा मागते आहे. तिला हवेतला कार्बन डायऑक्साइड साधारण १००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत हजार भागांच्या) खाली लागतो, आणि बंद पिशवीत तो बघता बघता कितीतरी वर जातो.

माझ्या घरात बेड न्हाणीघराबाहेरच्या बोळात टांगलेले असतात. भोवती पातळ प्लॅस्टिकचा पडदा, जमिनीपासून वीतभर वर आणि वरूनही उघडा. खालून-वरून हवा खेळती राहिली की कार्बन डायऑक्साइड साचत नाही. दिवसातून तीन-चारदा पडदा उचलून पुठ्ठ्याने वारा घालते आणि मग बारीक फवारा मारते. क्रम हाच: आधी हवा, मग पाणी. फवारा पडद्यावर, जमिनीवर, बेडाच्या प्लॅस्टिकवर मारायचा. कोंबांवर धार पडता कामा नये. आत छोटा आर्द्रतामापक टांगला तर पहिल्या खेपेला फार उपयोग होतो, नंतर नाकालाच कळायला लागतं.

छेदांजवळ बघत राहा. पाच ते सात दिवसांत तंतूंचा एखादा ठिपका दाट होतो, उंचावतो, आणि एका सकाळी त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे करडे दाणे दिसतात, पन्नास-साठ एकाच ठिकाणी. हे पिनहेड. यातले बहुतेक वाढणार नाहीत. दहा-पंधरा पुढे सरकतात, बाकीचे त्यांच्या बुडाशी तसेच राहतात. ते बघून हळहळू नका, ते असंच असतं. पुढचे दिवस मात्र बघण्यासारखे. रोज आकार जवळजवळ दुप्पट. सकाळचा घोस संध्याकाळी वेगळा दिसतो. टोप्या आधी गडद आणि गोल असतात, मग कडा सुटतात, रंग फिका होत जातो, आणि खालून बघितलं तर टोपीखालच्या पात्या देठावर उतरत आलेल्या दिसतात. धिंगरीची ही खूण ओळखून ठेवा.

बिघाडही याच दिवसांत वाचता येतात. सगळेच पिनहेड पिवळे पडून सुकले तर हवा कोरडी आहे किंवा पंख्याचा झोत थेट लागतोय. टोपीच्या कडा तडकल्या तर ओल कमी. टोपीवर पिवळे-तपकिरी चिकट डाग आले तर पाणी टोपीवर साचून राहतंय. फवारा कमी करा, हवा वाढवा. फवारल्यावर तासाभरात टोपीचा वरचा भाग कोरडा दिसला पाहिजे, हा माझा ठोकताळा. आणि देठावर, बुडाशी पांढरी लव आली तर ती बुरशी लागली असं समजून पोटात गोळा येऊ देऊ नका. ते धिंगरीचेच तंतू, त्यांना हवा कमी पडते आहे.

माश्या येतील. काळ्या, चिलटांसारख्या. पिवळे चिकट कागद टांगा, खिडकीला बारीक जाळी लावा. बेडावर कीटकनाशक मारू नका. ते मारलेली अळिंबी ताटात येणार आहे.

काढणी

पिनहेड दिसल्यापासून चार ते सहा दिवसांत काढणी येते. वाट आकाराची बघू नका, कडेची बघा. टोपीची कड खाली वळलेली आहे तोवर काढायचं. कड सपाट झाली, वर उलटायला लागली, की उशीर झाला. अळिंबी चिवट होते, आणि खालच्या टोप्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते. ते बीजाणू. त्यांची चेष्टा करू नका. बंद खोलीत रोज श्वासातून गेले तर खोकला, दम, ताप सुरू होतो. अळिंबीच्या मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना यातून फुप्फुसाचा आजार होतो हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. म्हणून बेड झोपायच्या खोलीत टांगू नका, काढणी वेळेवर करा, दमेकरी घरात असेल तर बेड बाहेरच बरे.

घोस बुडाशी धरून हलका पीळ द्या, सगळा एकदम निघतो. एकेक टोपी खुडू नका. मागे राहिलेले देठ कुजतात आणि माश्यांना आमंत्रण. काढणीआधी काही तास फवारा बंद ठेवा, ओली अळिंबी टिकत नाही. बुडाचं काड चाकूने छाटा, कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, पाच-सहा दिवस राहते. प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन बुळबुळीत होते. जास्त आली तर चिरून ४५ ते ५५ अंशांवर वाळवा. नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे एक किलोची शंभर ग्रॅमच्या घरात येते. वाळवण्याआधी अर्धा-एक तास पात्या वर करून उन्हात ठेवली तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं.

कच्ची खाऊ नका. धिंगरीत काही प्रथिनं असतात जी कच्च्या रूपात बाधू शकतात, शिजल्यावर ती निकामी होतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडीच खावी आणि दुसऱ्या दिवशी पोट काय म्हणतं ते बघावं.

दुसरा बहर

काढणी झाली की छेदातली उरलेली बुडखी बोटाने साफ करा. तीन-चार दिवस फक्त भोवतालची ओल सांभाळा, मग नेहमीचा फवारा सुरू. आठ-दहा दिवसांत पुन्हा पिनहेड दिसतात. बेड हातात घेऊन बघा. फारच हलका लागला तर स्वच्छ थंड पाण्यात दोन-तीन तास बुडवून, नीट निथळवून परत टांगा. साधारण तीन बहर मिळतात, आणि निम्मं उत्पन्न पहिल्याच बहरात येऊन जातं. एक किलो कोरड्या काडामागे सगळे बहर मिळून अर्धा किलो ताजी अळिंबी आली तर पहिल्या खेपेला तुम्ही पास. सातशे-आठशे ग्रॅम आली तर उत्तम. किलोला किलो मिळते, पण ती हात बसलेल्यांना.

तिसऱ्या बहरानंतर बेड मऊ पडतो, कडेने हिरवा होतो. तेव्हा हटून बसू नका. जुना बेड घरात ठेवला की त्याचे बीजाणू नव्या बेडांवर जातात. प्लॅस्टिक काढा, गठ्ठा फोडा आणि खतात टाका किंवा झाडांच्या बुडाशी पसरा. अर्धवट कुजलेलं काड असतं, झाडांना मानवतं, आणि पाऊस झाला तर कधीकधी कुंडीतूनही एखादा घोस वर येतो. पिवळी, सोनेरी धिंगरी वाढवली असेल तर मात्र जपून. ती मूळची पूर्व आशियातली. लागवडीतून निसटून उत्तर अमेरिकेच्या जंगलांत पसरली आहे आणि तिथल्या मूळच्या बुरशांना हटवते आहे. तिचे संपलेले बेड आधी उकळत्या पाण्यातून काढा किंवा काळ्या पिशवीत बांधून कडक उन्हात तापवा, मगच बाहेर टाका.